जामीन मंजूर झाला, माणूस मात्र नऊ दिवस आतच

वळणवाट

हा धागा काढू की नको यात महिना गेला. घरातलं चव्हाट्यावर मांडायची हौस नाही. पण त्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर 'जामीन कसा मिळतो' शोधत बसायचे, आणि सापडायचं ते एकतर कलमांची जंत्री नाहीतर वकिलांच्या जाहिराती. म्हणून लिहितेय. कुठलं कोर्ट, कुठलं पोलीस ठाणं हे विचारू नका, सांगणार नाही.

माझा मावसभाऊ एका गोदामात स्टॉक सांभाळायचा. माल कमी भरला म्हणून मालकाने फिर्याद दिली. नोकराने केलेला विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. हा शेवटचा शब्द ऐकला आणि मावशी मटकन खाली बसली. तिला वाटलं आता जामीन नाहीच. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. वकिलांनी पहिल्या भेटीत ते डोक्यातून काढलं. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, ठाण्यातूनसुद्धा होतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मागावा लागतो आणि द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. एवढाच फरक. शब्द मात्र असा की ऐकणाऱ्याचे पाय गळावेत.

पहिली चूक आमचीच. अटकेच्या आधी त्याला पोलिसांची नोटीस आली होती. चौकशीला हजर राहा, एवढंच त्यात होतं. हा पठ्ठ्या घाबरला, नोटीस म्हणजे अटकच असं कुणीतरी डोक्यात भरवलं, फोन बंद करून चार दिवस मित्राकडे जाऊन राहिला. पाचव्या दिवशी उचलला. पुढे प्रत्येक तारखेला सरकारी वकील उठून एकच वाक्य म्हणायचे, "आरोपीने नोटीस मिळूनही तपासाला सहकार्य केलेलं नाही." ते चार दिवस आम्हाला चाळीस दिवसांना पडले.

तीन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन. कोर्टात सगळे पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. पहिल्या दिवशी मला कुठलं चांगलं कुठलं वाईट तेही कळत नव्हतं. एमसीआर झाला त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे जामिनाचा अर्ज टाकला. मला वाटलं अर्ज दिला, वकील बोलले, निकाल लागला. तसं नसतं. आधी सरकारी पक्षाचा 'से' यावा लागतो, म्हणजे तपास अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं. पहिल्या तारखेला अधिकारी बंदोबस्ताला. दुसऱ्या तारखेला से आला, पण सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात. तिसऱ्यांदा दहा मिनिटं युक्तिवाद झाला आणि अर्ज नामंजूर: तपास प्राथमिक टप्प्यावर आहे, मुद्देमाल हस्तगत व्हायचा आहे. तिथून सेशन्स कोर्ट. तिथे पुन्हा से, पुन्हा तारीख. अटकेपासून एकतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, जामीन मंजूर. पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन लायक जामीनदार.

घरी फोन केला, सगळे रडले, मावशीने त्याची खोली झाडून ठेवली.

तो बाहेर आला नऊ दिवसांनी, रविवारी सकाळी. त्या नऊ दिवसांचं नंतर लिहिते, आता बोटं दुखली.

रातकिडा

वाचतोय. पुढचा भाग लवकर टाका.

तिरकस

सामान्य माणसाला चाळीस दिवस. मोठ्या माणसाला रात्री बारा वाजता कोर्ट उघडतं. चालायचंच.

काळाकोट

मी फौजदारीच चालवतो म्हणून थोडी भर घालतो. तुमच्या वकिलांनी केलेलं बरोबरच दिसतंय.

नोटिशीबद्दल आधी, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच घसरतात. ही नोटीस पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४१-अ कलमाची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही सवय होऊ नये, गरज असेल तरच व्हावी, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्णेश कुमार प्रकरणात बजावलं. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर अटक करायला पोलिसांना लेखी कारण दाखवावं लागतं. हजर राहिला नाहीत तर ते कारण तुम्हीच त्यांना आयतं देता. म्हणजे जी नोटीस ढाल होती ती तुमच्या भावाने स्वतःच्या हाताने फेकून दिली. रागावू नका, आठवड्याला असा एक तरी अशील भेटतो.

जाताना सोबत वकील न्यायचा, नोटिशीची प्रत खिशात, आणि हजर झाल्याची पोच मागायची. पोच देत नसतील तर त्याच दिवशी 'मी अमुक वाजता हजर होतो' असं पत्र आवक शाखेत देऊन शिक्का घ्यायचा.

आता अर्जाबद्दल. लोकांना वाटतं अर्जात 'मी निर्दोष आहे' हे जोरात लिहिलं की काम झालं. जामिनाच्या टप्प्यावर कोर्ट निर्दोषत्व ठरवत नसतं. पाहतं ते असं: हा माणूस पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा नाहीसा करेल का, आणि त्याला आत ठेवून तपासाचं आता काय राहिलंय. त्यामुळे अर्जाचं वजन रुक्ष गोष्टींत असतं. राहता पत्ता किती वर्षांचा, घरात अवलंबून कोण, पूर्वीचा गुन्हा आहे का, कोठडीत काय जप्त झालं, अजून काय जप्त करायचंय. गोदामाची रजिस्टरं पोलिसांनी आधीच ताब्यात घेतली असतील तर आरोपी त्यात बाहेरून काय खाडाखोड करणार? हे एक वाक्य निर्दोषत्वाच्या दोन पानांपेक्षा जास्त काम करतं.

आधी एखादा अर्ज फेटाळला गेला असेल तर नव्या अर्जात ते लिहायचंच. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुशा दुरुका प्रकरणात यावर स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जुनी केस लपवली आणि सरकारी वकिलांनी ती टेबलावर आपटली की अर्जातल्या बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

वळणवाट

काळाकोट साहेब, रजिस्टरांचं अगदी बरोबर. सेशन्सच्या आदेशात जवळजवळ तेच कारण आलंय.

तर नऊ दिवस.

शुक्रवारी आदेश झाला तेव्हा कोर्ट उठायची वेळ झाली होती. शनिवार दुसरा, म्हणजे सुट्टी. मग रविवार. सोमवारी दुपारी सही-शिक्क्याची प्रत हातात. जामीनदार म्हणून मामा तयार. मामांकडे शेती, सातबारा, सगळं व्यवस्थित. मंगळवारी मामांना घेऊन गेलो. लिपिकाने सातबारा वर धरून वाचला. पाच भावंडांची नावं, खाली सोसायटीचा बोजा. "यातलं तुमचं नेमकं किती?" मामा म्हणाले, "आमच्यात वाटण्या नाहीत, सगळं एकत्रच आहे." अभिमानाने म्हणाले बिचारे. तिथे तो अभिमान उलटा पडला. तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणा.

बुधवारी मावशीच्या दिरांना विचारलं. पगारदार माणूस, पगाराच्या तीन चिठ्ठ्या आणि ओळखपत्र एवढ्यावर भागलं असतं. ते हो म्हणाले. गुरुवारी सकाळी काकूंचा फोन, "त्यांना बरं वाटत नाहीये." मी काय ते समजले. त्यांना दोष देत नाही. 'जामीन राहू नये' हे आपल्याकडे बापाने मुलाला सांगून ठेवलेलं असतं.

मामांनी तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील असं करत शुक्रवारी दुपारी दाखला आणला. चार वाजता न्यायाधीशांनी त्यांना समोर बोलावलं. आरोपी तुमचा कोण, आधी कुणाला जामीन राहिला आहात का, तो पळून गेला तर पैसे भराल का. मामा म्हणाले, "पळतो कसा साहेब, गोठ्यात बांधून ठेवीन." कोर्टातले सगळे हसले. न्यायाधीशांनी न हसता पुन्हा विचारलं, "भराल का?" मामा गप्प झाले, मग म्हणाले, "भरीन." त्यांच्या शिधापत्रिकेच्या मागे शेरा मारला, शिक्का बसला.

सुटकेचा आदेश निघेपर्यंत तुरुंगाची वेळ संपली. शनिवारी सकाळी आदेश पोचला आणि परत आला. वडिलांचं नाव आदेशात एक, तुरुंगाच्या वॉरंटवर दुसरं. एका अक्षराचा फरक, 'सदाशिव' ऐवजी 'सदशिव' म्हणावं तसा. तो शनिवार तिसरा होता म्हणून कोर्ट चालू होतं, नशीब. दुरुस्ती झाली, संध्याकाळ झाली, रविवारी सकाळी सुटला.

बारनिशी

कोर्टात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आवक-जावक, नाझर, शिरस्तेदार, सगळ्या टेबलांवर बसलो. ताई, तुमचे नऊ दिवस वाचून मला वाईट वाटलं, कारण यातले निदान सहा वाचले असते.

'प्रोव्हिजनल कॅश'. जामीनदार जमवायला वेळ लागणार हे दिसत असेल तर त्याच दिवशी तोंडी विनंती करायची, की तूर्त रोख रक्कम भरून सोडावं आणि चार-सहा आठवड्यांत जामीनदार देतो. बरीच कोर्टं देतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० मध्ये मुचलक्याऐवजी रोख ठेव घेण्याची सोय आहे (जुनं ४४५). पण आदेशात तसं लिहून यायला हवं. आदेश झाल्यावर टेबलाशी येऊन आमच्याशी भांडून उपयोग नाही, लिपिकाच्या हातात काही नसतं. पैसे भरल्याची पावती सांभाळून ठेवा. केस संपल्यावर ती रक्कम अर्ज करून परत मिळते, आणि पावती हरवलेले लोक मी वर्षानुवर्षं चकरा मारताना पाहिलेत.

नावाचं म्हणाल तर हे रोजचं. रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्याच्या, कागदावर पोलीस जे नाव लिहितात तेच तुरुंगाच्या वॉरंटवर जातं. आधार कार्डावर वेगळं असतं, वकील आधार पाहून अर्ज लिहितात. मग सुटकेच्या वेळी दोन्ही जुळत नाहीत. पहिल्या रिमांडच्या दिवशी पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि असेल तर 'ऊर्फ' तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम.

तुरुंगाच्या दाराशी सुटकेचे आदेश टाकायची जामीनपेटी असते आणि ती ठरलेल्या वेळांना उघडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईतल्या एका गाजलेल्या प्रकरणात हायकोर्टाने २८ तारखेला जामीन दिला आणि आरोपी आर्थर रोडमधून ३० तारखेला बाहेर पडला. वकिलांची फौज असूनही पेटीच्या वेळेपुढे इलाज चालला नाही. तेव्हा तिरकस साहेब, रात्री बारा वाजता कोर्ट एखाद्या वेळी उघडेल, पेटी उघडत नाही.

तिरकस

मान्य. पण दोन दिवस आणि नऊ दिवस यात फरक आहे की नाही?

बारनिशी

आहे. तो फरक जामीनदाराचा आहे.

काळाकोट

बारनिशी काका नेमक्या जागी आले. १९७८ साली मोतीराम प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आलं होतं. मध्य प्रदेशातला एक गवंडी. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्या काळातले दहा हजार, गवंड्याकडे. भाऊ जामीन राहायला आला तर म्हणाले त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलेच कोरडे ओढले आणि एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. एवढं होऊनही 'स्थानिक जामीनदार आणा' हे ऐकू येणं थांबलेलं नाही.

३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने याच विषयावर सूचना दिल्या. जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळेच सुटका अडते, म्हणून तशा केसमध्ये ती अट घालू नये असंही त्यात आहे. अर्ज करताना या आदेशाचा उल्लेख करा. तारखेसकट सांगितलं की टेबलापलीकडचा सूर बदलतो, अनुभव आहे.

रक्कमच झेपत नसेल तर कलम ४८४: मुचलक्याची रक्कम अवास्तव नसावी, आणि हायकोर्ट किंवा सेशन्स कोर्ट ती कमी करू शकतं. जामीन मिळूनही रकमेपायी आत राहिलेल्यांना केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी योजनेतून मदत मिळू शकते. प्रस्ताव तुरुंगातून आणि विधी सेवा प्राधिकरणातून जातो, म्हणून नातेवाइकांनी दोन्हीकडे विचारत राहायचं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक.

आणि कृपा करून कोर्टाबाहेर उभे असलेले भाडोत्री जामीनदार घेऊ नका. पाचशे पावलांवर मिळतात, कागद तयार असतात, खोटे असतात. जामीनदाराने आजवर किती जणांना जामीन राहिला हे कलम ४८६ खाली लिहून द्यायचं असतं. ते खोटं निघालं की जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा.

उंबरठा

सगळे आरोपीच्या बाजूने लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझ्या आईची निवृत्तीची सगळी रक्कम एका ओळखीच्या माणसाने बुडवली. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आणि पंचवीस दिवसांनी तो आमच्या गल्लीतून स्कूटरवर गेला. आईने खिडकीतून पाहिलं. तिने विचारलं, "केस संपली का?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला जे चाळीस दिवस खूप वाटले, ते आम्हाला पंचवीसच का असं वाटलं होतं.

वळणवाट

उंबरठा ताई, यावर काय बोलू. गोदामाच्या मालकालाही आमच्याबद्दल असंच वाटत असणार.

काळाकोट

आईंना सांगा, केस संपलेली नाही. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालेपर्यंत तो तुरुंगाऐवजी घरून कोर्टात येणार, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षा व्हायची तर ती निकालानंतर. आधी भोगायला लावायची नसते, कारण निर्दोष सुटला तर ते दिवस कुणी परत करत नाही.

पण तुम्ही नुसतं खिडकीतून पाहत राहण्याची गरज नाही. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर बाजू मांडण्याचा हक्क आहे, जामिनाच्या सुनावणीतही. आणि त्यांचं नीट ऐकलं गेलं नाही म्हणून हायकोर्टाने दिलेला जामीन तिथे रद्द झाला. तेव्हा पुढचा अर्ज आला की वकिलामार्फत हजर राहा. त्याने आईंना किंवा साक्षीदाराला धमकावलं, समझोत्यासाठी माणसं पाठवली, तर तारीख-वेळ टिपून ठेवा, ठाण्यात अर्ज द्या. अटी मोडल्या तर जामीन रद्द करण्याची मागणी करता येते. 'मला वाईट वाटतं' यावर रद्द होत नाही, 'त्याने अमुक तारखेला अमुक केलं' यावर होतो.

उंबरठा

धन्यवाद. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी वकिलांना भेटायलाही मिळालं नाही.

रातकिडा

माझा प्रश्न जरा वेगळा. एका मित्रावर अजून गुन्हा दाखल नाही, पण जुना भागीदार 'आत टाकतो' म्हणून फिरतोय. गुन्हा दाखल व्हायच्या आधी अटकपूर्व जामीन मागता येतो का? की गुन्ह्याचा नंबर लागतोच?

काळाकोट

मागता येतो. कलम ४८२, सेशन्स किंवा हायकोर्ट. गुन्हा दाखल असलाच पाहिजे असं नाही, हे १९८० च्या गुरबक्ष सिंग सिब्बिया निकालापासून ठरलेलं आहे. पण अटकेची भीती खरी वाटावी असं काहीतरी हातात हवं. भागीदार चिडून बोलला एवढ्यावर नाही. ठाण्यातून फोन आला, तक्रार अर्जाची चौकशी सुरू आहे, वकिलामार्फत धमकीची नोटीस आली, असं काही दाखवा. मिळालेला अटकपूर्व जामीन साधारणपणे आरोपपत्र आलं म्हणून संपत नाही, हे २०२० मध्ये सुशीला अगरवाल प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सांगितलंय.

मात्र कायदा कुठला ते आधी पाहा. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात अटकपूर्वला बंदी आहे, अगदी प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा), यूएपीए (दहशतवादाविरुद्धचा कायदा) इथे नेहमीचा जामीनसुद्धा वेगळ्या, फार कडक फुटपट्टीने मोजतात. त्या प्रकरणांना या धाग्यातलं फारसं लागू नाही, तिथे त्याच कामाचा वकील गाठा.

पाणचक्की

साठ दिवसांचं काय असतं? आमच्या शेजाऱ्यांना कुणीतरी सांगितलं की साठ दिवस झाले की आपोआप सोडतात. ते अर्ज न करता वाट पाहत बसलेत.

बारनिशी

अहो, आपोआप काही नाही! त्यांना आजच वकिलाकडे पाठवा.

काळाकोट

काका ओरडले ते योग्यच. कलम १८७(३), जुनं १६७(२). मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. तेवढ्यात आरोपपत्र दाखल झालं नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो आणि गुन्हा किती गंभीर याचा त्यात विचार होत नाही. पण तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याच्या आत मागावा लागतो. साठावा दिवस उलटला, तुम्ही गप्प बसलात, त्रेसष्टाव्या दिवशी पोलिसांनी आरोपपत्र टाकलं, की हक्क गेला. लेखी अर्ज तयार नसेल तर तोंडी मागणीही चालते असं २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालात आलंय.

दिवस मोजायचे ते अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि रिमांडचा तो दिवस धरून. यावर बरीच वर्षं वाद होता, मार्च २०२३ मध्ये मिटला. आम्ही डायरीत तारीख लिहून ठेवतो आणि एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधी दारात उभे असतो. जामीन मंजूर झाला तरी मुचलका लगेच भरायचा. तिथेही रेंगाळलात तर घात.

पाणचक्की

कळवलं त्यांना. आज त्रेपन्नावा दिवस आहे म्हणे. अजून वेळ आहे.

वळणवाट

आमच्या वकिलांनीही तेव्हा कॅलेंडरवर साठाव्या दिवसाभोवती गोल केला होता. मला वाटलं होतं त्यांची कसलीतरी सुनावणी आहे.

थोडं अटींबद्दल. दर सोमवारी ११ ते १ ठाण्यात हजेरी, आरोपपत्र येईपर्यंत. एका सोमवारी तो तापाने फणफणला होता. मी म्हटलं एक वेळ चुकली तर काय होतंय. वकील म्हणाले, डॉक्टरांचं पत्र घ्या आणि आजच्या आज ठाण्यात देऊन पोच घ्या. दिलं. पुढच्या महिन्यात मालकाने खरोखरच 'आरोपी हजेरी लावत नाही' असा अर्ज केला. पोच होती म्हणून निभावलं. आता आमच्याकडे एक वही आहे, प्रत्येक हजेरीची तारीख, वेळ, ठाणे अंमलदाराची सही. सही द्यायला कधी कधी कुरकुरतात, पण हा शांतपणे उभा राहतो.

बारनिशी काकांना एक प्रश्न, मामांच्या वतीने. त्यांना वाटण्या करून आपला हिस्सा विकायचाय. जामीन राहिल्यामुळे केस संपेपर्यंत जमीन अडकली का? भाऊ त्यांना म्हणतोय, "तू गहाण टाकलीस सगळ्यांची."

बारनिशी

गहाण नाही हो. भावाला सांगा, जामीनदाराने दिलेला मुचलका म्हणजे मामांनी स्वतः दिलेली हमी, सातबाऱ्यावर त्याने बोजा चढत नाही. भाचा तारखेला आला नाही तर आधी मामांना नोटीस येईल, म्हणणं मांडायला संधी मिळेल, मग पंचवीस हजारांपर्यंत वसुली. तीही पूर्ण करायची की थोडी सोडायची हे कोर्टाच्या हातात असतं. गुन्ह्याची शिक्षा जामीनदाराला होत नाही. फक्त दंड भरलाच नाही आणि वसूलही होत नसेल तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे. माझ्या ३१ वर्षांत ती वापरलेली पाहिली नाही, पण आहे हे सांगायला हवं.

मात्र ऐपत दाखवली ती याच जमिनीवर. ती विकली आणि दुसरं काही उरलं नाही तर जामीनदार अपुरा ठरू शकतो आणि कोर्ट भाच्याला नवा जामीनदार आणायला सांगू शकतं, नाही आणला तर परत आत. म्हणून विकण्याच्या आधी दुसरा माणूस तयार ठेवा आणि मामांना मोकळं करण्याचा अर्ज द्या, कलम ४८९. त्या अर्जावर कोर्ट भाच्याला समोर आणायला वॉरंट काढतं, ते पाहून घाबरू नका. त्याच दिवशी तो नव्या जामीनदारासह हजर राहिला की काम होतं. आणि जाताना मामांची ती शिधापत्रिका घेऊन जा, मागचा शेरा रद्द करून घ्यायचा असतो. तो बहुतेक जण विसरतात.

वळणवाट

शिधापत्रिका मामींच्या कपाटात कुलपात आहे. आता कुणालाच द्यायची नाही असं त्यांनी ठरवलंय. बघते कसं समजवायचं ते.